एकशे सतरा नंबरची कमान

डॉक्टर मोहरीलांनी कमान काचेच्या पेटीतून उचलली ती बाजारात दुधी भोपळा उचलावा तशी, मधोमध पकडून, दोनदा वरखाली करून. मग ती खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "शनिवारी आम्ही हिला दोरी चढवणार."

ते स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायचे. बदामी रंगाचा सफारी, काळेभोर केस आणि पांढऱ्या भुवया, असा त्यांचा अवतार होता. केस रंगवणाऱ्याला भुवया परवडल्या नसाव्यात. प्राचीन शस्त्रांवर त्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते वाचलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

त्यांच्या शेजारी आमचे अभिरक्षक गोळेसाहेब हात बांधून उभे होते. गोळे मूळचे सहकार खात्यातले. बदलीच्या धामधुमीत कुणीतरी त्यांना मोहनगडच्या वस्तुसंग्रहालयात आणून टाकलं होतं आणि तलवारीचं म्यान कुठलं, मूठ कुठली एवढं समजेपर्यंत त्यांची तीन वर्षं गेली होती. ते म्हणाले, "वा, वा. कलेक्टरसाहेब येणार आहेत, त्यांचा कमान धरून फोटो होईल."

मी मागे वही घेऊन उभी. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून एम. ए. करून आलेली, पदनाम 'सूचिकार'. माणसांना तुच्छ लेखण्यात माझा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. मी गोळ्यांना तुच्छ मानायचे, तिकीट फाडणाऱ्या कुलकर्ण्यांना मानायचे, रविवारी कुटुंबकबिल्यासह येऊन तोफेवर बसणाऱ्या प्रेक्षकांना मानायचे. मोहरीलांना पाहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच ते यादीत सगळ्यांच्या वर गेले.

ती कमान संस्थानच्या शस्त्रागारातली, अडीचशे वर्षांची. दोरी नसलेली. दोरी नसताना ती इतकी वळलेली असे की दोन्ही टोकं एकमेकांच्या वीतभर अंतरावर येत. आतल्या बाजूला सोनेरी वेलबुट्टी, बाहेरच्या बाजूला काळं, गुळगुळीत म्हशीचं शिंग. न माहीत असणाऱ्याला वाटावं, वळलीच आहे, आता टोकाला टोक दोरीनं बांधलं की झालं धनुष्य.

मोहरीलांना तसंच वाटत होतं.

"साहेब, ती उलटी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

इलाहीबक्ष. आमचा शिपाई. मी त्यांना इलाहीचाचा म्हणायचे. खाकी सदरा, पायात टायरच्या चपला, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. आडनाव कमानगर. त्यांचे पणजोबा संस्थानचे कमानी करणारे होते. पुढे बंदुका आल्या, कमानी संपल्या, आजोबांनी खोगिरं शिवायला घेतली, वडिलांनी मोटारींच्या गाद्या. चाचांना संग्रहालयात झाडू मारायची नोकरी लागली ती पणजोबांनी केलेल्या कमानी जिथे ठेवल्या होत्या त्याच दालनात.

मोहरील वळले. "काय म्हणालात?"

"ती उलटी आहे साहेब. दोरी या बाजूनं नाही लागत. विरुद्ध बाजूला वाकवावी लागती. आणि आता तर लावूच नये, जुनी आहे."

"तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"चौथी," मोहरील गोळ्यांकडे बघत म्हणाले. हसले नाहीत, नुसता शब्द पुन्हा उच्चारला. मग त्यांनी गोळ्यांना विचारलं की या दालनात शिपायांनी मत द्यायची पद्धत केव्हापासून सुरू झाली. गोळे घाईनं म्हणाले की नाही, तसं काही नाही, आणि चाचांना सांगितलं की शनिवारपर्यंत तुम्ही बाहेर चपलांच्या जागी बसायचं.

चाचांनी हातातल्या फडक्याची घडी केली आणि ते बाहेर गेले.

मला मात्र ती कमान उलटी आहे हे पक्कं माहीत होतं. चाचांनीच शिकवलं होतं. दोन वर्षं मी संग्रहालयातल्या दोनशे चौदा शस्त्रांची सूची करत होते, प्रत्येकाचं एक कार्ड. तलवारींवर पुस्तकं मिळतात, कमानींवर मिळत नव्हती. दुपारी प्रेक्षक नसले की चाचा माझ्या टेबलाशी यायचे, उभ्या उभ्या बोलायचे, बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. बाप आणि आजा बोलायचे ते त्यांना सगळं पाठ होतं, स्वतः त्यांनी एकही कमान केली नव्हती.

त्यांनी मला सांगितलं होतं की डोंगरातल्या भिलांची कमान म्हणजे एक बांबू आणि दोरीही बांबूचीच, सोललेल्या कामटीची. ती तासाभरात होते आणि मोडली तर दुसरी होते. शिंगाची कमान तशी नव्हे. मधे लाकडाची पट्टी. पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, शिंग. पाठीला, शत्रूकडच्या बाजूला, जनावराची नस, कुटून धागे केलेली, सरसात भिजवून थरावर थर दिलेली. एक थर वाळायला कधी महिनाही लागायचा. एक कमान व्हायला वर्ष, दीड वर्ष.

"शिंग दाबलं तर सोसतं, ताणलं तर फाटतं," ते म्हणाले होते. "नस ताणली तर सोसती. म्हणून शिंग आत, नस बाहेर. दोरी काढून ठेवली की ती उलटी वळून झोपती. उठवायची तर वळलीय त्याच्या विरुद्ध वाकवायची. शेगडीवर ऊब द्यायची, दोन माणसं लागायची. चुकीच्या बाजूला ओढली तर शिंगाला ताण बसणार. मग खलास."

पावसाळ्यात सरस नरम पडतो म्हणून पुढे कुणीकुणी पोलादाच्या कमानी केल्या. आमच्याकडे तशा दोन होत्या. चाचा त्या पुसायचे, पण नीट पुसायचे नाहीत. "ही भित्र्या माणसाची कमान," ते म्हणायचे. "मोडत नाही आणि बाणही लांब टाकत नाही."

हे सगळं मी कार्डांवर उतरवलं होतं. एकशे सतरा नंबरच्या कार्डावर, म्हणजे याच कमानीच्या, मी लिहिलं होतं: 'दोरी नसता उलट वक्र. दोरी कदापि चढवू नये. माहिती : इलाहीबक्ष कमानगर.' चाचांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि खणात परत ठेवताना सरळ आहे ना ते बघितलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपुस्तक सोडून त्या इमारतीतल्या कुठल्या कागदावर त्यांचं नाव आलं होतं ते फक्त तिथे.

तर त्या दिवशी दुपारी चाचा चपलांच्या जागेवरून उठून माझ्या टेबलाशी आले.

"बाई, तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं.

"आजच सांगा. नाहीतर ती मरती बघा."

संध्याकाळी पाचाच्या सुमाराला मी विश्रामगृहावर गेले. मनापासून सांगायला गेले होते, हे आज मुद्दाम नोंदवते, त्याला काही किंमत नसली तरी. मोहरील व्हरांड्यात चहा पीत बसले होते. मला खुर्ची दिली नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अरे वा, मुली, बरी आलीस. पुस्तिका छापून आली. गोळ्यांना नेऊन दे."

प्रदर्शनाची पुस्तिका होती. चकचकीत कव्हर, वर त्यांचं नाव. मी उभ्यानं उघडली. आत माझी सूची होती. दोनशे चौदा नोंदी, माझ्या क्रमानं, माझ्या शब्दांत, एका तलवारीच्या लांबीत मी केलेल्या चुकीसकट. गोळ्यांनी माझी टंकलिखित प्रत त्यांना परस्पर पाठवली असणार. शेवटच्या पानावर आभार होते. जिल्हाधिकाऱ्यांचे, गोळ्यांचे, छापखान्याचे आणि 'कार्यालयीन कर्मचारीवर्गाचे'.

एकशे सतराव्या नोंदीत काळ, लांबी, वजन होतं. दोरी कदापि चढवू नये, हे वाक्य नव्हतं. ते त्यांनी काढलं होतं. म्हणजे वाचलं होतं आणि काढलं होतं.

"काही काम होतं का?" मोहरीलांनी विचारलं.

"नाही सर."

पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन मी परत आले. चाचा फाटकाशी थांबले होते, ड्यूटी संपून तास झाला होता तरी.

"सांगितलं का बाई?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

त्यांचा चेहरा उजळला. माझे आभार मानून, सायकलला टांग मारून ते घरी गेले.

शनिवारी अकरा वाजता दालन भरलं. पुढच्या रांगेत कलेक्टर, त्यांच्या पत्नी, नगराध्यक्ष, दोन प्राचार्य, रोटरीची मंडळी. सगळे खोबरेल आणि अत्तर लावून आलेले, धनुष्यबाणाशी कुणाचा काही संबंध नाही. मोहरीलांनी पाऊण तास भाषण केलं. मानवानं प्रथम फांदी वाकवली इथपासून सुरुवात करून ते बंदुकीपर्यंत आले आणि वाटेत आपल्या पुस्तकाचा उल्लेख सहा वेळा केला. भिलांच्या कमानीला त्यांनी 'प्राथमिक अवस्थेतील' म्हटलं. पोलादी कमानीला 'प्रगतीचा कळस' म्हटलं. प्राचार्यांनी माना डोलावल्या.

मग त्यांनी शिंगाची कमान घेतली. दोरी त्यांनी पुण्याहून करून आणली होती, बारीक आणि आखूड. कमानीच्या टोकांना दोरी अडकायला खाचा असतात, त्या अर्थातच दुसऱ्या बाजूला होत्या, त्यामुळे दोरी सटकत होती. त्यांनी खिशातून काळा दोरा काढला आणि दोरी टोकांना गुंडाळून बांधली, खाचांकडे बघितलंसुद्धा नाही. वेलबुट्टीच्या समोर दोरी ताठ दिसायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, किती सहज स्वीकारली," मोहरील म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी पेटीजवळ किल्ली घेऊन उभी होते. त्यांना खोड्या काढायची लहर आली असावी. "ही आमच्या संग्रहालयाची सूचिकार मुलगी. काय गं, तुझा काही आक्षेप आहे का?"

सगळं दालन माझ्याकडे बघत होतं. गोळे डोळ्यांनी खुणावत होते. मी तेव्हाही सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं.

"आपण तज्ज्ञ आहात सर," मी म्हटलं. "माझा काही आक्षेप नाही."

त्यांनी कमान डाव्या हातात धरली, छाती काढली, फोटोग्राफरकडे बघितलं आणि दोरी ओढली.

आवाज मोठा नव्हता. वाळलेली पापडी मोडावी एवढाच. शिंग मधोमध तडकलं, एका बाजूनं लाकडापासून सुटून वर आलं आणि त्याची एक कपची मोहरीलांच्या गालाला लागून खाली पडली. हातात लाकूड राहिलं, आणि त्याला लोंबणारी दोरी. गालावरून रक्ताचा बारीक ओघळ आला. ते तसेच फोटोच्या आवेशात उभे. फोटोग्राफरनं सवयीनं बटण दाबलं.

मला हसू आलं. मी ओठ दाबून धरले, पण ते आलंच. तसलं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि पुढेही कधी मिळालं नाही, हे खरं ते सांगते.

दारात चाचा उभे होते. आवाज ऐकून आत आले होते. त्यांनी आधी कमानीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझा चेहरा सरळ व्हायला अजून क्षणभर लागणार होता.

मग ते गुडघ्यावर बसले, डोक्यावरची टोपी काढली आणि फरशीवरच्या शिंगाच्या कपच्या एकेक करून तिच्यात गोळा करायला लागले. कलेक्टरांच्या पत्नीनं पाय थोडे मागे घेतले, त्यांना वेचायला जागा व्हावी म्हणून.

मोहरीलांनी रुमाल गालाला धरूनच खुलासा केला की वस्तूची देखभाल नीट झालेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानी अहवाल लिहून दिला. कमानीच्या शिंगाला वर्षानुवर्षं कुणीतरी तेल लावलं होतं, त्यामुळे सरस कुजला, असं त्यात होतं. तेल लावलं होतं हे खरं होतं. चाचा दर हिवाळ्यात कापसाच्या बोळ्यानं तिळाच्या तेलाचे दोन थेंब शिंगावर पुसायचे, कोरड्या हवेत ते चिरू नये म्हणून. नियमात ते बसत नव्हतं. नियमात काहीच बसत नव्हतं, कारण शिंगाच्या कमानीसाठी नियमच नव्हते.

चौकशीला मुंबईहून उपसंचालक तेरदाळकर आले. येण्याआधी त्यांनी पत्र पाठवलं होतं की एकशे सतरा क्रमांकाच्या वस्तूची सर्व कागदपत्रं तयार ठेवावीत.

पत्र आलं त्या दुपारी मी खण उघडून कार्ड काढलं. दोरी कदापि चढवू नये. ते माझ्या हस्ताक्षरात होतं आणि खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. म्हणजे मला माहीत होतं, आणि शंभर माणसांसमोर मी आक्षेप नाही म्हटलं होतं. मी नवं कार्ड घेतलं. काळ, लांबी, वजन, साहित्य लिहिलं. जुनी तारीख घातली. शाई जुन्यासारखी दिसावी म्हणून उन्हात ठेवलं. जुनं कार्ड फाडून घरी नेलं आणि पाणी तापवायच्या बंबात टाकलं.

तेरदाळकर थकलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी गोळ्यांना बोलावलं. गोळे म्हणाले, मी तांत्रिक माणूस नाही. मग मला. मोहरीलांनी आपल्या जबाबात मी सभेत काय बोलले ते लिहिलंच होतं. मी म्हटलं की कमान कोणत्या बाजूनं चढते याची मला माहिती नव्हती, तज्ज्ञांवर विश्वास ठेवला. तेरदाळकरांनी कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी मला तिथेच बाकावर बसायला सांगितलं आणि इलाहीबक्ष कमानगरांना हाक मारली.

चाचा आत आले. टेबलासमोर उभे राहिले. तेरदाळकरांनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

तेलाबद्दल विचारलं. त्यांनी कबूल केलं. का लावलं, ते सांगितलं. तेरदाळकरांनी लिहून घेतलं.

"गोळेसाहेब म्हणतात, तुम्ही मंगळवारी डॉक्टरसाहेबांना काही म्हणाला होतात."

"उलटी आहे म्हणालो होतो."

"मग ते या कार्डावर का नाही? एवढी महत्त्वाची गोष्ट कुणी नोंदवली कशी नाही?" तेरदाळकरांनी कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं.

चाचांनी ते उचललं. चष्मा नव्हता म्हणून लांब धरलं. वाचलं. उलटून मागची कोरी बाजू बघितली, मग पुन्हा पुढची. मला वाटलं, आता सगळं संपलं. हे कार्ड ते नव्हे, एवढंच त्यांनी म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेरदाळकर ऐकणारे होते. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"इलाहीबक्ष," तेरदाळकर म्हणाले, "नीट आठवून सांगा. मोहरील ऐकत नाहीत म्हटल्यावर तुम्ही दुसऱ्या कुणाला हे सांगितलं का? या इमारतीत कुणालाही?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. तेलानं हात भरले की ते फडक्याकडे बघायचे, तेवढाच वेळ.

"नाही साहेब," ते म्हणाले. "सांगण्यासारखं कुणी नव्हतं."

तेरदाळकरांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यांची सही घेतली.

मोहरीलांचं काही झालं नाही. गालावरचा ओरखडाही महिन्याभरात दिसेनासा झाला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात दोनशे तेरा नोंदी होत्या. गोळे सहकार खात्यात परत गेले. मी पुढच्या वर्षी बढती घेऊन औरंगाबादला गेले आणि शिंगाच्या कमानींवर लेख लिहिले. त्या लेखांमुळे लोक मला या विषयातली जाणकार मानतात. लेखांतलं सगळं बरोबर आहे. ते मला कुणी सांगितलं, हे एकाही लेखात नाही.

चाचांना परवानगीवाचून वस्तू हाताळल्याबद्दल ठपका मिळाला आणि उरलेल्या महिन्यांसाठी त्यांची तहसील कचेरीत बदली झाली. कचेरी माझ्या घराच्या वाटेवर होती. व्हरांड्यात दाराशी त्यांचं स्टूल असायचं. साहेब आला, कारकून आला, अर्ज घेऊन एखादी म्हातारी आली, तरी ते उठून उभे राहायचे आणि बाजूला सरकून वाट द्यायचे. मला रोज दुरून ते दिसायचं.

मोहनगड सोडायच्या आधी एकदा मी त्या व्हरांड्याच्या पायऱ्या चढले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. त्यांनी मला येताना पाहिलं. मी अगदी समोर येऊन उभी राहिले.

ते बसून राहिले.